मटेरिअल आणि लेबरच्या बिलावर जीएसटी कसा लावायचा? वायरमन, प्लंबर, पेंटर आणि मेकॅनिकसाठी सोपा हिशेब

"पक्कं बिल हवंय का? मग अठरा टक्के वाढतील."

घरात काम काढलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. बोलणारा माणूस फसवतच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही नक्की माहीत नसतं की हे अठरा टक्के कशावर लावायचे: मालावर, मजुरीवर की दोन्हींवर? आणि मुळात त्याने ते लावायचे आहेत का?

तुम्ही आयटीआय करून वायरमनचं काम सुरू केलं असेल, किंवा बाबांच्या फॅब्रिकेशनच्या धंद्याची बिलं तुमच्या मोबाइलवरच्या ॲपमधून बनत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. घरमालक म्हणून बिल भरणार असाल तरी वाचा, कारण यातल्या एका चुकीत पैसे तुमच्याच खिशातून जातात.

सगळ्यात आधी एक प्रश्न: माल कोणी विकत घेतला?

टक्केवारी नंतर बघू. आधी हे बघा की वायर, पाइप, रंग, टाइल्स यांचं दुकानातलं बिल कोणाच्या नावावर आहे आणि दुकानदाराला पैसे कोणी दिले.

गिऱ्हाइकाने स्वतः दुकानात जाऊन (किंवा तुम्ही यादी दिल्यावर फोनवरून) माल घेतला आणि थेट पैसे दिले, तर त्या मालाशी कराच्या दृष्टीने तुमचा संबंध नाही. तुम्ही फक्त मजुरी विकली. पण पैसे तुमच्या खात्यात आले, तुम्ही दुकानातून माल उचलला आणि 'विथ मटेरिअल' एकच रक्कम घेतली, तर ती पूर्ण रक्कम तुमची उलाढाल झाली. त्यातले सत्तर टक्के दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरवाल्याकडे गेले असले तरीही.

हा फरक नुसता कागदी वाटतो, पण जीएसटी नंबर घ्यावा लागणार की नाही हे त्यावरच ठरतं.

२० लाख की ४० लाख?

"वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही" हे सगळीकडे ऐकू येतं. ती मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि महाराष्ट्रात ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. सेवा देणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या बिलात मजुरी आहे त्याला, मर्यादा २० लाखांची. गोव्यातही सेवेसाठी २० लाखच. तुम्ही माल आणि मजुरी दोन्ही देत असाल तरी तुम्हाला २० लाखांचीच मर्यादा लागू होते.

आता एका प्लंबरचा हिशेब करू. वर्षभरात त्याची मजुरी १२ लाख. गिऱ्हाइकांसाठी त्याने आणलेला माल १५ लाखांचा. सगळे पैसे त्याच्याच क्यूआर कोडवर आले, तर उलाढाल २७ लाख: नोंदणी सक्तीची. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तोच माल गिऱ्हाइकांनी थेट दुकानदाराला पैसे देऊन घेतला असता, तर प्लंबरची उलाढाल १२ लाख: नोंदणीची गरजच नाही. काम तेच, कमाईही जवळपास तीच.

"कोणाला कळतंय?" असं वाटत असेल, तर जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठवा. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. त्यांत दूध-भाजी विकणारेही होते. खात्यात आलेल्या पैशांपैकी कुठला मालाचा, कुठला मजुरीचा आणि कुठला मेव्हण्याने उसना परत दिलेला, हे यूपीआयच्या नोंदीत दिसत नाही. ते कागद दाखवून तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

म्हणून नोंदणी नसलेल्या कारागिराला माझा सल्ला सरळ आहे: मोठा माल गिऱ्हाइकाच्या नावावर, गिऱ्हाइकाच्या पैशाने घ्या. यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हार्डवेअरवाला तुम्हाला जी सूट किंवा कमिशन देतो, ते या पद्धतीत जाऊ शकतं. मग मजुरीचा दर तेवढा वाढवून उघड सांगा. छुप्या मार्जिनपेक्षा तो हिशेब दोघांनाही सोपा जातो.

घाईत तुम्हीच माल आणून दिला, तर दुकानाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर करून घ्या, एक रुपयाही वर न चढवता तेवढीच रक्कम घ्या आणि आपल्या बिलात ती वेगळ्या ओळीत दाखवा. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, त्याच्या वतीने केलेला असा खर्च जीएसटीच्या नियमांनुसार तुमच्या किमतीतून वगळता येतो. वर शंभर रुपये जरी चढवले तरी ही सवलत गेली.

नंबर नसेल तर बिलावर 'जीएसटी' हा शब्दही नको

नोंदणी नसलेल्या माणसाला कर म्हणून कुठलीही रक्कम घेता येत नाही. जीएसटी कायद्याचं कलम ३२ हेच सांगतं. नंबर नसताना बिलावर 'जीएसटी १८%' लिहून पैसे घेतले, तर ते सरकारला भरावेच लागतात. आणि गोळा केलेला कर तीन महिन्यांत भरला नाही, तर दंड १०,००० रुपये किंवा त्या कराइतकी रक्कम, यातलं जे जास्त असेल ते.

नंबर नसलेल्यानेही बिल मात्र जरूर द्यावं. नाव, पत्ता, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, सही. हेही रीतसर बिलच आहे. 'पक्कं बिल म्हणजे जीएसटीचं बिल' हा गैरसमज आहे.

नोंदणी असेल तर: टॅक्सवर टॅक्स लावू नका

आता नंबर असलेल्या कारागिराकडे येऊ. सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते.

पुण्यातल्या एका फ्लॅटचं नवीन वायरिंग धरा. वायर, स्विच, डीबी, पाइप मिळून माल ६०,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के म्हणजे १०,८०० जीएसटी. दुकानात द्यायचे ७०,८००. मजुरी ४०,०००.

बरोबर बिल असं बनतं:

माल ६०,०००
मजुरी ४०,०००
एकूण १,००,०००
सीजीएसटी ९% ९,०००
एसजीएसटी ९% ९,०००
देय रक्कम १,१८,०००

या १८,००० मधून वायरमनने दुकानात भरलेले १०,८०० इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वजा होतात आणि सरकारला तो ७,२०० भरतो. म्हणजे त्याच्या स्वतःच्या मजुरीवरचा कर. हिशेब चोख जुळला.

चुकीचं बिल असं बनतं: दुकानात ७०,८०० दिले ना, मग ॲपमध्ये मालाची किंमत ७०,८०० टाकली. त्यात ४०,००० मजुरी, झाले १,१०,८००. त्यावर पुन्हा १८ टक्के, म्हणजे १९,९४४. गिऱ्हाइकाच्या हातात १,३०,७४४ रुपयांचं बिल. त्याच कामाला १२,७४४ रुपये जास्त! कराच्या रकमेवर कर लागला आणि क्रेडिट वायरमनकडेच राहिलं.

बहुतेक बिलिंग ॲपमध्ये वस्तूच्या किमतीशेजारी 'टॅक्ससह' आणि 'टॅक्सशिवाय' असा पर्याय असतो. तो एकदा नीट बघून घ्या. ही गडबड बहुतेक वेळा तिथेच होते. मालावर स्वतःचं मार्जिन घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण ते कराशिवायच्या किमतीवर.

क्रेडिट मिळण्यासाठी दुकानाच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा आणि दुकानदाराने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. कच्च्या पावतीवर घेतलेल्या मालाचं क्रेडिट विसरा.

माल आणि मजुरी वेगळी दाखवायची की एकत्र?

हा प्रश्न जुना आहे, खूप जुना. बांधकामाच्या ठेक्यात माल 'विकला' असं म्हणता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये गॅनन डंकर्ली प्रकरणात दिला होता. मग १९८२ मध्ये ४६वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यांना ठेक्यातल्या मालावर विक्रीकर लावता येऊ लागला. पुढे मालावर राज्याचा व्हॅट आणि मजुरीवर केंद्राचा सेवा कर अशी दुहेरी पद्धत आली. जुने कॉन्ट्रॅक्टर आजही "मालाचा टॅक्स वेगळा, लेबरचा वेगळा" म्हणतात ते त्या काळाच्या सवयीने.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि इमारतीत कायमचं बसणारं काम, म्हणजे भिंतीतलं वायरिंग, नळाच्या लाइनी, टाइल्स, रंगकाम, मालासह घेतलं तर ते पूर्ण काम एक सेवा ठरलं. कायद्यात याला वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. घरगुती कामांना दर १८ टक्के, आणि तो पूर्ण रकमेवर. बिलात माल आणि मजुरी दोन ओळींत लिहिली तरी हरकत नाही. गिऱ्हाइकाला कळायला ते चांगलंच. पण दोन ओळी केल्या म्हणून दर बदलत नाही.

दुरुस्तीचं तसं नाही. गाडी, मशीन अशा हलवता येणाऱ्या वस्तूच्या दुरुस्तीत सुटे भाग आणि मजुरी यांची किंमत वेगवेगळी दाखवली, तर दोन्हींवर आपापला दर लागतो. ८ जून २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकात गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल हे स्पष्ट केलेलं आहे.

याचा खरा फायदा आता ट्रॅक्टर मेकॅनिकच्या गिऱ्हाइकाला होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि ठरावीक सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. दुरुस्तीची मजुरी मात्र १८ टक्क्यांवरच आहे. समजा ५ टक्केवाले भाग ८,००० रुपयांचे आणि मजुरी ३,०००. वेगळं दाखवलं तर कर ४०० अधिक ५४०, म्हणजे ९४० रुपये. 'ट्रॅक्टर दुरुस्ती ११,०००' अशी एकच ओळ लिहून १८ टक्के लावले, तर १,९८० रुपये. शेतकऱ्याचे १,०४० रुपये केवळ बिल आळसाने लिहिल्यामुळे गेले.

एसीच्या बाबतीत उलट झालं. आधी एसीवर २८ टक्के आणि फिटिंगच्या मजुरीवर १८, म्हणून काय कशात धरायचं यावर वाद व्हायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीही १८ टक्क्यांवर आला आणि वाद मिटला. सिमेंटही त्याच दिवशी २८ वरून १८ वर आलं. वायर, स्विच, रंग, पीव्हीसी पाइप १८ टक्क्यांवरच आहेत. त्यामुळे घरकामाच्या बिलात आता बहुतेक ठिकाणी एकच आकडा दिसेल.

एक ठळक अपवाद म्हणजे छतावरचा सोलर. इथे माल किती आणि मजुरी किती हे तुम्ही ठरवायचंच नाही, सरकारनेच ठरवून दिलंय: पॅनेल आणि बसवणं मिळून काम घेतलं तर किमतीचा ७० टक्के भाग माल, ३० टक्के सेवा. मालावर आता ५ टक्के, सेवेवर १८. दीड लाखाच्या कामात १,०५,००० वर ५,२५० आणि ४५,००० वर ८,१००, एकूण १३,३५०. म्हणजे सरासरी ८.९ टक्के. दर बदलण्याआधी हाच आकडा १३.८ टक्के होता. कोणी सोलरच्या पूर्ण रकमेवर सरसकट १८ टक्के लावून कोटेशन पाठवलं, तर त्याला हा हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवून द्या.

नुसती मजुरी असेल तर कर माफ?

सरसकट नाही. मालकाने स्वतःचं नवीन स्वतंत्र घर बांधायला काढलं, माल त्याचा आणि तुमची फक्त मजुरी, तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. पंतप्रधान आवास योजनेत लाभार्थ्याने स्वतः बांधलेल्या घराच्या मजुरीलाही सूट आहे. पण 'नवीन' आणि 'स्वतंत्र' हे दोन शब्द महत्त्वाचे. सोसायटीतल्या फ्लॅटचं काम यात बसत नाही. जुन्या बंगल्याला रंग द्यायचा, गळणारा नळ बदलायचा, हेही बसत नाही. आणि नव्या बंगल्याचंच काम पण मालासह घेतलं, तर सूट गेली आणि पूर्ण रकमेवर १८ टक्के लागले. शिवाय करपात्र कामांसोबत अशी सूट असलेली कामंही करत असाल, तर ती मजुरी २० लाखांच्या मर्यादेत मोजली जाते.

कंपोझिशन: सोपं, पण मालासह काम करणाऱ्याला महाग

सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. कागदपत्रं कमी, म्हणून अनेकांना ती सुचवली जाते. पण हे ६ टक्के गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत, स्वतःच्या खिशातून भरायचे. क्रेडिटही नाही. आणि ते मालासकट पूर्ण रकमेवर लागतात.

वरचंच वायरिंग घ्या. माल ७०,८००, मजुरी ४०,०००, बिल १,१०,८००. सहा टक्के म्हणजे ६,६४८, तेही चाळीस हजारांच्या मजुरीतून. माल गिऱ्हाइकाने घेतला असता तर फक्त २,४०० भरावे लागले असते. मजुरीवर चालणाऱ्या पेंटरला ही योजना परवडू शकते, 'विथ मटेरिअल' कामं घेणाऱ्याने आधी हे गणित मांडावं. यात 'टॅक्स इन्व्हॉइस' देता येत नाही, 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं आणि त्यावर आपण कर गोळा करू शकत नाही असं लिहायचं. राज्याबाहेरही काम करता येत नाही. सावंतवाडीच्या कंपोझिशनवाल्या प्लंबरने पेडण्यातलं काम घेतलं की योजना हातची गेली. नेहमीची नोंदणी असलेला प्लंबर ते काम घेऊ शकतो, फक्त गोव्यातल्या घराच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी न लावता आयजीएसटी लावायचा.

ॲडव्हान्सचं काय?

"निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर" ही आपली रीत. नुसता माल विकणाऱ्याला ॲडव्हान्सवर तेव्हाच कर भरावा लागत नाही, पण सेवेवर लागतो. वायरिंगचं मालासह काम ही सेवा, म्हणून नोंदणी असलेल्याला ॲडव्हान्स हातात पडला त्याच काळातल्या रिटर्नमध्ये त्यावरचा कर दाखवायचा असतो. मार्चमध्ये घेतलेला ॲडव्हान्स जूनच्या बिलात धरला की गाडी अडते.

आणि तुम्ही एखाद्या ॲपवरून प्लंबिंग किंवा सुतारकामाच्या ऑर्डर घेत असाल आणि तुम्हाला नोंदणी लागत नसेल, तर त्या कामांवरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲप चालवणाऱ्या कंपनीची आहे. तुम्ही गिऱ्हाइकाकडून वर काही मागायचं नाही.

समोरच्याचा जीएसटी नंबर मोबाइलवर तपासा

बिलावर नंबर छापलाय म्हणजे तो खरा आणि चालू आहे असं नाही. तपासायला एक मिनिट लागतं आणि लॉगिनही लागत नाही. जीएसटी पोर्टल उघडा, 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये जा, बिलावरचा १५ अक्षरांचा नंबर टाका आणि कॅप्चा भरा.

नंबर बघूनही काही गोष्टी कळतात. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. निकालात नाव बिलावरच्या नावाशी जुळतंय का ते बघा. स्टेटस 'ॲक्टिव्ह' हवं. 'कॅन्सल्ड' दिसलं तर त्या तारखेनंतर त्याला कर मागता येत नाही. आणि टॅक्सपेअर टाइपसमोर 'कंपोझिशन' असेल, तर बिलातली १८ टक्क्यांची ओळ सरळ काढायला सांगा.